डॉपेलबॉक: पोपची गोष्ट सांगा, साल चिकटवू नका

म्युनिकच्या डॉपेलबॉकवर, म्हणजे तिथल्या कडक, माल्टच्या चवीच्या बिअरवर, लेख लिहिताय आणि 'पोपकडे पाठवलेल्या पिंपा'ला दर ठिकाणी वेगळं साल, वेगळा पोप सापडतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी नेमका इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी इतिहासकार नाही, म्युनिकला राहून आवडीने वाचणारा आहे, हे आधीच सांगतो.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच: उपासात पौष्टिक बिअर चालेल का, हे विचारायला संन्याशांनी पिंप रोमला धाडलं, वाटेत बिअर आंबून गेली, आणि पोप म्हणाला, हे पिणं म्हणजे प्रायश्चित्तच, खुशाल प्या. या गोष्टीचा मूळ कागद आहे का, असं मी एका कार्यालयाला लेखी विचारलं. आधी फॉर्म. मग दुसऱ्या विभागाचा फॉर्म. मग एक सही राहिली म्हणून पुन्हा पहिला. शेवटी उत्तर म्हणून आलं पर्यटकांना वाटायचं माहितीपत्रक! ज्या वाक्याबद्दल शंका विचारली, तेच वाक्य पुरावा म्हणून माझ्या हातात. तोवर माझ्या लेखाची मुदत टळली आणि तो भाग गाळून छापावा लागला. 'आमच्याकडे कागद नाही' एवढी एक ओळ लिहायला काय जात होतं? आजही चीड येते. तुम्ही त्या रांगेत उभेच राहू नका. दंतकथा म्हणून सांगा, सालाशिवाय.

माझ्या मते कागदावरचा इतिहास जास्त रंगतदार आहे. ही बिअर ज्यांची म्हणून सांगतात त्या म्युनिकच्या पाउलानर मठातल्या संन्याशांच्या बिअरचा जुना दाखला १६३४ चा, आणि तो आहे तक्रारीचा: मठाची बिअर बाहेर विकली जाते म्हणून शहरातले ब्रूअर (बिअर बनवणारे) नगरपरिषदेकडे गेले. धंद्याला झळ लागल्याशिवाय कोण तक्रार करतं? उघड विक्रीची परवानगी मिळाली ती थेट १७८० मध्ये. उपासाला दूध-ताक चालावं तशी त्यांना ही बिअर चालायची. ती आजच्यापेक्षा कमी आंबवलेली, गोड आणि घट्ट होती. पाउलानरच्याच नावाच्या ब्रूअरीच्या आजच्या 'साल्वाटर' या डॉपेलबॉकमधलं ७.९ टक्के अल्कोहोल त्या संन्याशांच्या माथी मारू नका.

जर्मनमध्ये 'बॉक' म्हणजे बोकड, म्हणून लेबलावर बोकड असतो; त्यावर फार वेळ घालवू नका. बिअरचं बॉक हे नाव म्हणजे उत्तर जर्मनीतल्या आइनबेक गावाच्या नावाचं बव्हेरियन बोलीतलं रूप, बोकड मागाहून आला. त्यापेक्षा १६१४ चा एलियास पिख्लर घ्या. आइनबेकची बिअर विकत आणणं दरबाराला महाग पडायचं, म्हणून तिथला हा ब्रूअरच म्युनिकच्या होफब्रॉयहाउसने, म्हणजे दरबाराच्या ब्रूअरीने, बोलावून घेतला.

सेलिब्रेटर, ऑप्टिमेटर ही इतर ब्रूअरींच्या डॉपेलबॉकची नावंही लेखात जरूर घ्या. १८९६ मध्ये 'साल्वाटर' नोंदणीकृत झालं, तेव्हा इतरांनी निदान शेवटचं 'आटर' तरी राखलं.

वाचकांना चाखायला सुचवणार असाल तर लहान ग्लास सांगा, गोडीमुळे ती किती चढते ते लवकर कळत नाही. आणि बर्फासारखी गार नको, माल्टची चवच लागत नाही.