गोकू क्षणात कुठेही पोहोचतो, मग प्रत्येक लढाई तिथेच का संपत नाही?

तुम्ही विचारलंय की ड्रॅगन बॉल झेडमधला गोकू कपाळाला दोन बोटं लावून क्षणात कुठेही जातो, तर तो दरवेळी शत्रूच्या पाठीमागे जाऊन विषय का संपवत नाही? आणि फुटायला आलेल्या सेल या खलनायकाला मोकळ्या अंतराळात का टाकून आला नाही?

गोम ‘कुठेही’ या शब्दात आहे. गोकू कुठेही जात नाही, तो कुणाकडे तरी जातो.

या विद्येचं जपानी नाव शुंकान इदो. शुंकान म्हणजे क्षण, इदो म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे जाणं. इंग्रजी डबमध्ये तिला इन्स्टंट ट्रान्समिशन म्हणतात. नामेक ग्रह फुटला तेव्हा गोकू गिन्यू या शत्रूच्या टोळीच्या यानातून निसटला आणि ते यान त्याला थेट यारद्रात ग्रहावर घेऊन गेलं. तिथले लोक ताकदीने फारसे नाहीत, पण त्यांच्याकडे विलक्षण विद्या आहेत. त्यातली ही एक गोकू शिकून आला. पृथ्वीवर परतल्यावर सगळ्यांनी ‘दाखव बघू’ म्हटलं, तर हा गायब झाला आणि त्याचे गुरू मास्टर रोशी यांचा गॉगल घेऊन परत आला. शेकडो कोस लांबच्या बेटावरून! तेवढ्या एका गॉगलमध्ये मालिकेचे जनक तोरियामा यांनी अख्खी विद्या समजावून सांगितली आहे. गोकूने त्या बेटाचा नकाशा आठवला नाही. त्याने रोशींची ऊर्जा शोधली आणि तो तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

(जपानीत या प्राणशक्तीला ‘की’ म्हणतात. आपल्या ‘की’शी गल्लत होते म्हणून मी इथे सरळ ऊर्जा म्हणतोय.)

प्रत्येकाची ऊर्जा वेगळी जाणवते. मी ही मालिका कार्टून नेटवर्कवर बघायचो तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग असायचं. अंधारात जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून बाबा आले की वरच्या मजल्यावरच्या काकू, हे बिनचूक कळायचं. गोकूचं तसंच आहे, फक्त त्याचा जिना ग्रहांच्या पलीकडे जातो. ओळखीची चाहूल लागली, मन तिच्यावर एकाग्र झालं, की तो तिथे. त्याला हात लावून जे उभे असतील तेही सोबत जातात. चाहूलच नसेल तर मात्र काही चालत नाही. अँड्रॉइड १७ आणि १८ या कृत्रिम योद्ध्यांमध्ये जाणवेल अशी ऊर्जाच नाही. ते खुशाल गाडीतून गोकूच्या घराकडे निघतात आणि ते कुठवर आलेत याचा कुणालाच पत्ता लागत नाही. अशांच्या बाबतीत शुंकान इदो निरुपयोगी.

अंतराचाही प्रश्न येतो. पृथ्वीचा नवा देव म्हणून नामेकवासी देन्देला आणायचं ठरतं तेव्हा नवीन नामेक इतका लांब असतो की पृथ्वीवरून गोकूला तिथलं काहीच जाणवत नाही. मग तो आधी परलोकातले त्याचे गुरू किंग काई यांच्याकडे जातो, त्यांना दिशा विचारतो, तिथून नामेकवासीयांची चाहूल घेतो आणि मगच पुढे जातो. मला हा प्रसंग फार आवडतो. याच किंग काईंना पहिल्यांदा भेटायला त्याने दहा लाख किलोमीटरचा सर्पमार्ग तुडवला होता, आणि त्याला जवळजवळ सहा महिने लागले होते. आता तेच घर त्याच्यासाठी वाटेतला थांबा झालंय.

आता लढाईचं. गोकूने तुम्ही म्हणता तसं एकदा केलंय, आणि माझ्या मते अख्ख्या मालिकेतली ती सर्वोत्तम चाल आहे. सेल गेम्समध्ये, म्हणजे सेलने भरवलेल्या स्पर्धेत, तो आकाशात उंच जाऊन कामेहामेहा हा ऊर्जेचा मारा जमवायला लागतो. खाली उभा असलेला सेल निर्धास्त असतो, कारण वरून मारा केला तर पृथ्वीच फुटेल आणि गोकू ते करणार नाही. ‘का... मे... हा... मे...’ आणि शेवटच्या ‘हा’च्या आधी गोकू वरून नाहीसा होऊन सेलच्या पुढ्यात, त्याच्या पायांशी उगवतो. मारा खालून वर जातो, पृथ्वी वाचते, सेलचं कमरेवरचं शरीर उडतं. इथे दोन्ही हात गुंतलेले आहेत, बोटं कपाळाला लागलेलीच नाहीत. म्हणजे बोटं एकाग्रतेपुरती, विद्या त्यांच्यावाचूनही चालते. आणि पोहोचायला आधार कुणाचा? खुद्द सेलच्या ऊर्जेचा.

तरीही सेल मरत नाही. तो अनेक योद्ध्यांच्या पेशींपासून बनलेला आहे, आणि त्यातल्या पिकोलोच्या पेशींमुळे त्याचं शरीर पुन्हा उगवतं. मग ही चाल रोज का नाही, तर माझं उत्तर असं: चाहूल घेऊन मन स्थिर करायला क्षणभर उसंत लागते, आणि बरोबरीचा शत्रू तीच देत नाही. शिवाय ऊर्जा ओळखणाऱ्या शत्रूला गोकू कुठे उगवला हेही लगेच कळतं. पाठीमागे पोहोचणं वेगळं आणि तिथून मारलेला फटका पुरेसा ठरणं वेगळं.

दोन गोष्टींशी याची गल्लत करू नका. झानझोकेन म्हणजे नुसता वेग, मागे स्वतःची छबी सोडून सटकणं. ड्रॅगन बॉल सुपर या पुढच्या मालिकेतला मारेकरी हिट तर ०.१ सेकंद वेळच ओलांडतो. काइओशिन या देवांची काई काई ही विद्या मात्र खरोखर जागेवर जाते, तिथे कुणी असण्याची गरज नाही. किड बू या खलनायकाने ती नुसती बघून उचलली, आणि म्हणूनच तो ग्रहामागून ग्रह फोडत सुटला.

आता सेल आणि अंतराळ. सेल फुगतो, मिनिटभरात पृथ्वीसकट फुटणार असतो. मोकळ्या अंतराळात कुणीच नाही, म्हणजे चाहूल नाही, म्हणजे जाता येत नाही. नवीन नामेकवर न्यायचं तर तिथे वस्ती. उरतं एकच ओळखीचं ठिकाण, जिथे माणसं सगळ्यात कमी. गोकू मुलाचा, गोहानचा निरोप घेतो, सेलच्या पोटावर हात ठेवतो आणि किंग काईंच्या छोट्याशा ग्रहावर जाऊन उभा राहतो. दुसरी जागाच सुचली नाही म्हणून त्यांची माफी मागतो. पुढच्या क्षणी किंग काई, त्यांचे सोबती बबल्स आणि ग्रेगरी, आणि तो स्वतः, सगळेच मरतात.

सेल तेवढा उरतो. आणि आता शुंकान इदो त्यालाही येते. नियम त्यालाही तोच: ज्यांना वाचवायला गोकू मेला, त्यांच्याच चाहुलीवर तो पृथ्वीवर परत येतो, आणि आल्या आल्या पहिला मारा गोकूचा साथी ट्रंक्स याच्या छातीतून आरपार जातो.