पिवळे बाण कोणी रंगवले?

प्रश्न : माझी भाची स्पेनमधील सांतियागोच्या पायी यात्रेला गेली होती. तिच्या छायाचित्रांत झाडांवर, दगडांवर, घरांच्या भिंतींवर पिवळे बाण दिसतात. ही सोय तेथील सरकारने केली आहे का? ओ सेब्रेइरो या डोंगरावरील गावातील जुन्या चर्चचा या बाणांशी काही संबंध आहे, असे ती म्हणते. तो कोणता?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बाणांची सुरुवात सरकारने केलेली नाही, ती त्या चर्चच्या धर्मगुरूंनी केली. सुमारे १३०० मीटर उंचीवरील ओ सेब्रेइरो हे लेओन प्रांतातून गॅलिसिया या प्रदेशात (सांतियागो शहर याच प्रदेशात आहे) शिरताना लागणारे पहिले गाव आहे. तेथील फादर एलियास वालिन्या यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात चर्चची आणि यात्रेकरूंच्या जुन्या निवाऱ्याची दुरुस्ती झाली. परंतु चर्च उभे राहिले तरी तेथवर येणारी पाऊलवाट हरवलेलीच होती. मध्ययुगानंतर यात्रेकरू कमी होत गेले होते, वाटेचा बराच भाग डांबरी रस्त्यांखाली गेला होता आणि उरलेला शेतांत व झुडपांत पुसला गेला होता.

वालिन्या यांनी जुन्या नोंदी अभ्यासून ती शोधली आणि १९८४ मध्ये फ्रान्सच्या बाजूने सांतियागोपर्यंत बाण रंगवत नेले. रस्त्याच्या कामातून उरलेला पिवळा रंग त्यांना मिळाला होता, म्हणून बाण पिवळे, असे सांगितले जाते. माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व रंगापेक्षा माणसे जोडण्यात आहे : प्रत्येक गावातील लोकांनी आपल्या हद्दीतील वाट सांभाळावी, असा आग्रह त्यांनी धरला, आणि त्यातूनच वाटेची निगा राखणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्था उभ्या राहिल्या. १९८७ मध्ये युरोप परिषदेने या वाटेला पहिल्या सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. १९८९ मध्ये वालिन्या यांचे निधन झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यास यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घेणारे वर्षाला हजारभरही नव्हते; २०२३ मध्ये ते चार लाखांहून अधिक झाले.

पावसाने फिके पडलेले बाण आजही स्वयंसेवक पुन्हा रंगवतात. क्वचित एखादा खाणावळवाला गिऱ्हाईक वळवण्यासाठी स्वतःचा बाण काढतो, तो भाग वेगळा! भाचीच्या छायाचित्रांत किलोमीटरचे आकडे असलेले दगडी खांबही असतील, तर गॅलिसियातील ते खांब मात्र तेथील प्रादेशिक शासनाने बसवलेले आहेत.