वाचकांचे प्रश्न : ‘हॅड’ कुठे हवे आणि कुठे नको

प्रश्न : कार्यालयातील पत्रव्यवहारात मी ‘आय हॅड सेंट द लेटर यस्टरडे’ असे लिहिले, तेव्हा वरिष्ठांनी ‘हॅड’ खोडले. आधीच्या पत्रात ‘आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे’ असे होते, तेही त्यांनी चूक ठरवले होते. काम पूर्ण झाले आहे हे सांगायचे असताना पूर्ण काळ का चालत नाही?

उत्तर : दोन्ही दुरुस्त्या योग्य आहेत. आपल्या दोन्ही वाक्यांमागे निर्दोष मराठी वाक्ये उभी आहेत आणि चुकीचे मूळ तिथेच आहे. ‘पत्र कालच पाठवले आहे’ असे आपण सहज म्हणतो, कारण मराठीतल्या पूर्ण वर्तमानकाळाला ‘काल’ हा शब्द खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘हॅव’ लावून होणाऱ्या काळाला संपून गेलेल्या, नेमक्या वेळेचा उल्लेख सोसत नाही. ‘आय हॅव सेंट द लेटर’ इथवर वाक्य शुद्ध आहे. त्यात ‘यस्टरडे’ आले की ‘आय सेंट द लेटर यस्टरडे’ असा साधा भूतकाळच वापरावा लागतो. वेळ अजून संपलेली नसेल, तर अडचण येत नाही. म्हणूनच ‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग’ हे वाक्य सकाळी चालते, पण संध्याकाळी ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’ असेच म्हणावे लागते.

‘हॅड’ची गोष्ट अधिक खोल आहे. ‘तो काल आला’ आणि ‘तो काल आला होता’ या दोन वाक्यांत मराठी माणसाला फरक जाणवतो : दुसऱ्या वाक्यातला माणूस बहुधा येऊन परत गेलेला असतो. म्हणजे ‘होता’ लावून आपण ती घटना आणि तिचा परिणाम मागे पडल्याचे सुचवतो. इंग्रजीतला ‘हॅड’ हे काम करत नाही. भूतकाळातल्या एखाद्या क्षणाच्याही आधी काय घडले होते, एवढेच तो सांगतो. असा दुसरा क्षण वाक्यात किंवा संदर्भात नसेल, तर वाचक त्याची वाट पाहत राहतो, आणि आपल्या पत्रात नेमके तेच झाले.

हा क्षण असतो तेव्हा ‘हॅड’ किती मोलाचा ठरतो ते पाहा. ‘व्हेन शी केम इन, ही स्टॉप्ड स्पीकिंग’ म्हणजे ती आत येताच तो गप्प झाला. ‘व्हेन शी केम इन, ही हॅड स्टॉप्ड स्पीकिंग’ म्हणजे ती येण्याआधीच त्याचे बोलणे थांबले होते. पहिल्या वाक्यात त्याच्या गप्प होण्याचा संबंध तिच्या येण्याशी आहे, दुसऱ्यात तो नाही. एका छोट्या सहायक क्रियापदाने दोन माणसांमधले नातेच वेगळे दिसू लागते. म्हणून ‘हॅड’ उगाच खर्च करू नये, असे मला मनापासून वाटते. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’मुळे घटनांचा क्रम आधीच स्पष्ट असेल, तर साधा भूतकाळ बहुतेक वेळा पुरतो.

प्रश्न : ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ हे वाक्य चूक का? दोन्ही भागांत अर्थ तर एकाच प्रकारचा आहे.

उत्तर : ‘मला कळले असते, तर मी आलो असतो’ या मराठी वाक्यात दोन्हीकडे ‘असणे’चेच रूप येते, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालावेसे वाटते. इंग्रजी इथे कामे वाटून देते : अटीच्या भागात ‘हॅड’, परिणामाच्या भागात ‘वुड हॅव’. त्यामुळे ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’ हे शुद्ध रूप. बोलताना ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ ही दोन्ही रूपे आखडून ‘आय्ड’ अशी सारखीच ऐकू येतात, त्यानेही घोटाळा वाढतो. अमेरिकी बोलण्यात आपले वाक्य कानावर पडेल, पण काटेकोर लेखनात ते स्वीकारले जात नाही. ‘इफ यू वुड वेट अ मोमेंट’ यासारख्या विनंतीत अटीच्या भागातला ‘वुड’ योग्य आहे, कारण तिथे तो समोरच्याची तयारी विचारतो.

एके ठिकाणी मात्र मराठीच वाट दाखवते. ‘मी औषध घेतले असते, तर आज बरा असतो’ या वाक्यात अट भूतकाळातली आणि परिणाम आजचा आहे, म्हणून आपण शेवटी ‘झालो असतो’ न म्हणता नुसते ‘असतो’ म्हणतो. इंग्रजीतही तसेच होते : ‘इफ आय हॅड टेकन द मेडिसिन, आय वुड बी वेल नाऊ.’ इथे ‘वुड हॅव बीन’ लिहिण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ यात काय चुकले?

उत्तर : क्रम. सरळ प्रश्नात ‘व्हेअर इज ही’ बरोबर आहे, पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो : ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज.’ हे विधान असल्याने शेवटी पूर्णविराम द्यावा. ‘कॅन यू टेल मी व्हेअर ही इज’ यात आतला क्रम तोच राहतो, परंतु मुख्य वाक्य प्रश्नार्थक असल्याने शेवटी प्रश्नचिन्ह येते.