चिकट भाताची भांडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही लाओसमध्ये, व्हिएंतियानला राहायला आलो आहोत. घरमालकीणबाई म्हणतात, खाओ निआओ, म्हणजे चिकट भात, राइस कुकरमध्ये करूच नकोस, बाजारातून हुआत, म्हणजे वाफवायची टोपली, आणि भांडं आण. मी गेले, आणि दुकानासमोर नुसतीच उभी राहिले. सगळ्या टोपल्या सारख्याच दिसतात. काय बघून घेऊ?

उत्तर: मालकीणबाईंचं ऐका. साध्या तांदळाच्या पिष्टात अमायलोज नावाचा भाग साधारण १५ ते ३० टक्के असतो, त्यामुळे शिजल्यावर दाणा सुटा राहतो. खाओ निआओमध्ये तो जवळजवळ नसतोच. असा तांदूळ आधणात टाकला की दाणे फुटतात आणि हाती खळ येते. म्हणून लाओसमध्ये घरोघर रात्री तांदूळ भिजत घालतात. दाण्याला लागेल तेवढं पाणी तो तेव्हाच पिऊन घेतो. सकाळी फक्त वाफ द्यायची, पाणी भाताला शिवू द्यायचं नाही. खरेदीला निघताना एवढं डोक्यात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

वस्तू दोन. एक मॉ नुंग, म्हणजे ऍल्युमिनियमचं उंच भांडं, डमरूसारखं मध्ये आवळलेलं आणि वर तोंड पसरलेलं. दुसरी हुआत, बांबूची निमुळती टोपली, जी त्या तोंडात बसते. दोन्ही एकाच दुकानातून घ्या आणि एकात एक बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हुआत तोंडात ठेवून गोल फिरवा. ती डुगडुगली, किंवा काठाशी एका बाजूला मोठी फट दिसली, तर वाफ तिथून निसटणार आणि भात एकीकडे कच्चा राहणार. थोडी फट सगळ्यांचीच राहते. तिच्यासाठी ओलं फडकं पिळून काठाभोवती गुंडाळायची पद्धत आहे. पण पोचा आलेलं तोंड फडक्याने झाकत बसायची वेळ नव्या भांड्यावर का आणायची? दुकानदारीणबाई कंटाळणार नाहीत. तिथल्या बायकाही असंच फिरवून बघतात.

मग हुआत भांड्याच्या बाहेर, शेजारी धरा आणि तिचं टोक आत कुठवर जाईल याचा अंदाज घ्या. पाणी त्या टोकाच्या निदान तीन-चार बोटं खाली राहायला हवं, शिवाय अर्धा तास उकळून पुरेल इतकं हवं. उथळ भांड्यात हे दोन्ही एकदम जमत नाही. उकळतं पाणी उडून टोकाला लागतं आणि तळाचा भात लगदा होतो. भांड्याचा पत्रा बोटाने दाबून बघा. फार पातळ असेल तर पाणी आटल्याचं कळायच्या आत बूड जळतं.

आता टोपलीची वीण. हुआत उजेडासमोर धरा. दाणा गळेल एवढी भोकं नकोत, पण बारीक ठिपक्यांसारखा उजेड सगळीकडून दिसायला हवा, वाफेला वाट तीच. आतून बोटं फिरवा. कुसळं टोचत असतील तर ती पुढे भातात येणार. टोकाशी जिथे वीण दुमडून बंद केलेली असते, तिथे जरा ओढून बघा. उसवायला सुरुवात तिथूनच होते. काळे ठिपके म्हणजे बुरशी. चकचकीत रंग किंवा वॉर्निश लावलेली हुआत कुणी दाखवली तर सरळ पुढच्या दुकानात जा.

दोघांसाठी सगळ्यात लहान घ्यावीशी वाटेल. घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं वाफ दिल्यावर हुआत काठाला धरून एक हिसडा द्यायचा असतो, मग अख्खा गोळा उलटतो आणि वरचा भात खाली जातो. त्याला जागा लागते. भिजलेला तांदूळ अर्ध्याच्या थोडा वरपर्यंत आला की पुरे. उलटल्यावर आणखी दहा मिनिटं, वर झाकण किंवा ओलं फडकं. (पहिले काही दिवस हा हिसडा ओट्यावर न देता मोरीपाशी द्या. का, ते विचारू नका.)

घरी आणल्यावर नवी हुआत पाण्यात बुडवून ठेवा, घासा, आणि रिकामीच वाफेवर धरा. कोऱ्या बांबूचा वास जातो. साबण कधीच नको, बांबू तो पितो.

प्रश्न: भात ठेवायच्या टोपल्या, तिप खाओ, इतक्या सुंदर मिळतात की मी रंगीत नक्षीची एक घेतली. पण तीत भात तासाभरात वरून कडक आणि खाली ओला होतो. माझ्या लाओ मैत्रिणीच्या साध्या टोपलीत दुपारपर्यंत मऊ राहतो. टोपलीत खरंच एवढा फरक असतो का?

उत्तर: असतो, आणि तो नक्षीत नसतो. चांगली तिप खाओ दुहेरी असते: आत एक टोपली, बाहेर एक, काठाशी एकत्र वळवलेल्या. मधल्या हवेमुळे भात गरम राहतो. आणि गरम भातातून निघणारी वाफ आतली वीण शोषून घेते, हळूहळू बाहेर सोडते, त्यामुळे झाकणावर पाणी साचून परत भातावर ठिबकत नाही. प्लास्टिकच्या डब्यात किंवा स्टीलच्या कॅसरोलमध्ये नेमकं हेच ठिबकणं होतं.

तुमची टोपली बघायला मागवता येत नाही, तेव्हा तुम्हीच तपासा. काठापाशी अंगठा आत आणि बोटं बाहेर ठेवून भिंत दाबा. दोन थर असतील तर ती किंचित दबते आणि परत येते. एकच थर असेल तर ती शोभेची. आतला भाग नाकाशी न्या. रंगाचा किंवा वॉर्निशचा वास आला तर तीत भात ठेवू नका, कांदे-लसूण ठेवा, छान दिसेल. पर्यटकांच्या बाजारात ज्या टोपल्यांवर जास्त कष्ट घेतलेले दिसतात, त्यांचे कष्ट बाहेरच्या बाजूलाच असतात, असं माझं मत आहे. बाहेरून रंगीत पट्टी विणलेली असायला काहीच हरकत नाही, आत मात्र कोरा बांबू हवा.

पेंदा बघा. खाली लाकडाची किंवा बांबूची फुलीसारखी बैठक असते, तिच्यामुळे टोपलीचं बूड जमिनीला टेकत नाही आणि खालूनही हवा खेळते. ती बैठक नुसती चिकटवलेली असेल तर लवकर निघते. बांधलेली किंवा विणकामात अडकवलेली बघा. झाकण खोल हवं, निम्म्या टोपलीवर उतरेल असं. दोरी झाकणातून ओवून खाली बैठकीपर्यंत गेलेली असली की टोपली खांद्याला अडकवून शेतावर नेता येते. शेतावर तुम्ही जाणार नाही, पण दोरी असली की झाकण हरवत नाही.

पण तुमच्या भाताची तक्रार फक्त टोपलीची नसेल. हुआतमधून काढलेला भात तुम्ही थेट तिप खाओमध्ये भरता का? तसं करत नाहीत. आधी तो लाकडी काठवटीत किंवा फळीवर उपडा करतात, लाकडी पळी ओली करून पसरतात, दोन-तीनदा उलटसुलट करतात. वाफेचा पहिला लोट तिथे निघून जातो. मग हलक्या हाताने गोळा करून टोपलीत. हे काम मिनिट-दोन मिनिटांचं आहे. जास्त वेळ घातलात तर भात वाळतो. काठवट स्टीलची का चालत नाही? गरम भाताखाली स्टीलवर पाणी सुटतं, लाकूड ते पिऊन टाकतं. उत्तर थायलंडमध्ये आणि इसानमध्ये, म्हणजे ईशान्य थायलंडमध्ये, यासाठी कोरलेल्या लाकडाच्या पसरट थाळ्या होत्या. आता जुन्या थाळ्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेल्या दिसतात. तुम्हाला साधी पोळपाटाएवढी, न रंगवलेली फळी पुरेल.

आणि हो, जेवण झाल्यावर झाकण लावायला विसरू नका. तिप खाओ उघडी टाकली तर नवरा-बायकोची फारकत होते असं लाओसमध्ये आणि इसानमध्ये जुनी माणसं सांगतात. फारकतीचं मला माहीत नाही, उरलेला भात मात्र नक्की दगड होतो.

प्रश्न: मी इसानमधल्या खोन केनला पीएचडी करतोय. खोलीत फक्त इंडक्शन आहे. ऍल्युमिनियमचं भांडं त्यावर तापतच नाही. काय करू?

उत्तर: तापणार नाही, इंडक्शनला चुंबक चिकटेल असं बूड लागतं. हुआत तीच ठेवा, खालचं भांडं बदला. चुंबक चिकटणारं, उंच आणि अरुंद तोंडाचं स्टीलचं पातेलं शोधा, ज्यात हुआत काठावर अडकेल आणि टोक पाण्यापासून वर राहील. फट जास्त पडेल, तेव्हा फडकं जाड गुंडाळा. मात्र फडक्याची टोकं शेगडीपर्यंत लोंबू देऊ नका. साधी विजेची शेगडी, जिची तबकडी स्वतः तापते, ती वापरायला परवानगी असेल तर नेहमीचं भांडंही चालेल. खरं सांगू, इसानमध्ये सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर गरम चिकट भात पिशवीत बांधून मिळतो. परीक्षेच्या दिवसांत तोच आणा आणि आल्या आल्या पिशवीतून काढून टोपलीत भरा. तिकडे टोपलीला क्रातिप म्हणतात, मागताना उपयोगी पडेल.

प्रश्न: पावसाळ्यात माझ्या दोन्ही टोपल्यांना बुरशी आली. धुऊन वापरता येतील का? की फेकू?

उत्तर: हुआतवर नुकती आलेली पांढुरकी बुरशी असेल तर ब्रशने घासा, उकळत्या पाण्यात बुडवा, रिकामी वाफवा आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. काळी होऊन बांबूच्या आत गेली असेल तर फेका. हुआत ही झिजणारी वस्तू आहे, तिच्यात जीव अडकवू नये. तिप खाओ दुहेरी असल्यामुळे दोन थरांमधली बुरशी निघत नाही. दाबल्यावर कुबट वास आला की ती गेली.

पुढच्या वेळी येऊ नये म्हणून: हुआत वापरून झाली की लगेच पाण्यात टाका, चिकटलेले दाणे फुगून सुटतात, मग ब्रश मारा. वाळलेले दाणे नखाने खरवडलेत तर वीण तुटते. तिप खाओ मात्र भिजवत ठेवू नका. दाणे झटका, ओल्या फडक्याने पुसा, झाकण काढून वाऱ्याला ठेवा, पावसाळ्यात चुलीच्या किंवा गॅसच्या वर ऊब लागेल अशी टांगा. ओली टोपली कपाटात बंद केलीत की झालंच.

प्रश्न: घरी वीस माणसं जेवायला आहेत. प्रत्येकाला छोटी तिप खाओ द्यावी की मध्ये एक मोठी?

उत्तर: लाओ घरात साधारण दोन-तीन जणांत एक टोपली फिरते. प्रत्येकाला वेगळी चिमुकली टोपली ही मला हॉटेलातली रीत वाटते, आणि त्यात मूठभर भात लवकर गार होतो. सात-आठ मध्यम टोपल्या घ्या किंवा शेजारणीकडून आणा. हाताने तोडून छोटा गोळा करायचा आणि चेओत, म्हणजे मिरचीच्या ठेच्यात, बुडवून खायचा, तेव्हा हात धुवायची सोय टोपल्यांइतकीच महत्त्वाची. राखीव भात बर्फाच्या पेटीत ठेवा. हसू नका, जाड भिंतीची प्लास्टिकची पेटी, आत स्वच्छ सुती कापड, कापडात भात. तिकडचे विक्रेतेही असंच करतात. कापड वाफ पितं आणि पेटी ऊब धरते.

तांदूळ एकाच वेळी सगळा लावू नका. हुआत गच्च भरली की मधला भात शिजत नाही. दोन घाण्यांत करा.

प्रश्न: भिजवायचं विसरले तर? आणि थायलंडमधला "आर डी ६" तांदूळ घ्यावा का?

उत्तर: कोमट पाण्यात दोन तास ठेवून काम भागतं, पण दाणा रात्रभर भिजल्यासारखा एकसारखा मऊ होत नाही. नवा तांदूळ कमी वेळात भिजतो, जुन्याला पूर्ण रात्र द्या. दाणा दोन बोटांत दाबल्यावर सहज चुरला की भिजला. आर डी ६ जरूर घ्या. खाओ दोक मली १०५ या सुवासिक जातीवर गॅमा किरणांचा मारा करून हा चिकट वाण तयार केला आणि १९७७ साली प्रसारित झाला, म्हणून त्यालाही सुवास आहे. लाओसमध्ये असाल तर सियेंग खुआंग प्रांताचा खाओ काय नोय हा चिकट तांदूळ मिळाला तर सोडू नका.

प्रश्न: लुआंग प्रबांगला पहाटे भिक्खूंना भात वाढायचा आहे. त्यासाठी टोपली विकत घ्यावी का?

उत्तर: नको. जिथे उतराल तिथल्या यजमानीणबाईंना आदल्या संध्याकाळी विचारा. त्या आपल्या घरचा ताजा भात आणि तिप खाओ देतील, त्याचे पैसे आग्रहाने द्या. रस्त्यावर पर्यटकांना विकायला येणारा भात कधीकधी शिळा असतो, तो पात्रात घालू नये. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी गुडघ्यांवर बसायचं, भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. भाताचा लहानसा गोळा हातानेच तोडून पात्रात ठेवायचा, म्हणून आधी हात स्वच्छ धुवा आणि त्यांना क्रीम लावू नका. भाताला वास लागतो. रांग मोठी असते, तेव्हा गोळे लहान ठेवा, नाहीतर शेवटच्या भिक्खूंपर्यंत भात पोचणार नाही.