व्हीनसच्या हातात झाडू?

प्रश्न: बाबांच्या कपाटात रशियन चित्रांचा जुना अल्बम सापडला. त्यात एक चांगली अंगाने भरलेली बाई न्हाणीघरात उभी आहे, अंगावर एक कपडा नाही आणि हातात झाडूसारखं काहीतरी. नाव 'रशियन व्हीनस', चित्रकार कुस्तोदिएव. व्हीनस म्हणजे देवी ना, मग झाडू कशाला? आणि बाबांनी असलं पुस्तक का घेतलं असेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर: बाबांना माफ करून टाका, चित्र भारीच आहे!

तो झाडू नाही हो, बर्चच्या डहाळ्यांची जुडी आहे. रशियन लोक तिला व्हेनिक म्हणतात. त्यांच्या बान्यात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, ती जुडी गरम पाण्यात भिजवून अंगावर सपासप मारून घेतात, मस्त घाम निघतो आणि अंग मोकळं होतं. आता देवीचं म्हणाल तर ती व्हीनस समुद्राच्या फेसातून आली होती, इथे लाकडी बादलीत साबणाचा फेस आहे, बस! मला तर हा गमतीचा भाग सगळ्यात आवडतो.

पण खरी गोष्ट चित्रामागची आहे. बोरिस कुस्तोदिएव हा रेपिन या नामवंत रशियन चित्रकाराचा विद्यार्थी, पुस्तकांसाठीपण चित्रं काढायचा. मणक्यात गाठ झाली, 1916 च्या ऑपरेशननंतर पाय लुळे पडले ते पडलेच. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी बायकोला विचारलं म्हणे, हात वाचवू की पाय, तर ती म्हणाली हात, तो चित्रकार आहे. हे चित्र 1925-26 चं, म्हणजे तेव्हा तो दहा वर्षं व्हीलचेअरवर होता आणि 1927 मध्ये गेलाच, वय फक्त 49. स्वतःला बान्यात जाणं कुठलं जमायला, म्हणून बान्याच घरात आणला. मुलगी इरिना पोझ द्यायला उभी राहिली, हातात जुडीऐवजी चक्क फूटपट्टी, आणि बाबांना फेस नीट दिसावा म्हणून भाऊ किरील बादलीत साबण घुसळत बसला. मुलगी कशी काय उभी राहिली असं तुमच्या मनात येईलच, पण त्या घरात मॉडेल म्हणजे घरातलंच माणूस, पोरं लहानपणापासून बाबांसमोर बसायची.

आणि हो, नवा कॅनव्हास नव्हता, म्हणून 1906 चं स्वतःचंच एक चित्र उलटं करून मागच्या बाजूला हे रंगवलं. त्या जुन्या चित्रात घरचीच मंडळी गच्चीवर चहाला बसलीयेत. रशियातल्या निझ्नी नोव्हगोरोद शहरातल्या म्युझियममध्ये आहे ते, एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला आंघोळ.