वर्गात स्मार्ट बोर्ड आले, ॲप आली, आता एआयही आलं. मग शिक्षकाचं काम नेमकं काय उरलं?

मी गणित शिकवतो, त्यामुळे माझं उत्तर गणिताच्या तासावरूनच येणार.

शिक्षक लवकरच घरी बसणार ही भविष्यवाणी फार जुनी आहे. शाळेतली पुस्तकं आता कालबाह्य होतील, चलचित्रांतून सगळं शिकवता येईल, असं थॉमस एडिसन १९१३ साली सांगत होते. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी शिकवण्याचं यंत्रच बनवलं. त्यात एक छोटा प्रश्न यायचा, मुलानं उत्तर द्यायचं, बरोबर की चूक ते लगेच कळायचं आणि मग पुढचा प्रश्न. आजची बरीचशी सरावाची ॲप आतून अशीच चालतात, वर रंगरंगोटी तेवढी वाढली आहे.

शिक्षक काही गेले नाहीत, पण कामाची वाटणी मात्र बदलली. व्याख्या सांगणं, उदाहरणांचा ढीग देणं, तपासून गुण मांडणं हे यंत्र करतं आणि न कंटाळता करतं. मला याचं अजिबात दुःख नाही. अडचण पुढे आहे.

दशांश अपूर्णांक घ्या. ०.७५ आणि ०.५ यांत मोठा कोणता? मूल म्हणतं ०.७५. ॲप शाबासकी देतं. पण मुलानं मनात ७५ आणि ५ यांची तुलना केलेली असते. पुढे ०.३५ आणि ०.४ आले की ते ०.३५ मोठा म्हणतं, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. ॲप 'चूक' सांगून तसलंच आणखी एक उदाहरण देतं. चारदोनदा आपटल्यावर हुशार मूल नियम बदलतं: जास्त आकडे असतील तो लहान. आता ०.३५ आणि ०.४ बरोबर, ०.२७ आणि ०.६ बरोबर, पट्टी हिरवी! दशांशस्थळ म्हणजे काय हे मात्र त्याला अजूनही ठाऊक नाही, आणि ०.७५ आणि ०.५ पुन्हा विचारलं तर आता तेही चुकेल. 'हे तू कसं काढलंस?' असं विचारून उत्तर शांतपणे ऐकून घेतलं की घोळ मिनिटभरात उघडा पडतो. माझ्या मते शिक्षकाचं मुख्य काम आता हे आहे. पूर्वीही होतंच, पण फळा भरण्याच्या गडबडीत मागे पडायचं.

तंत्रज्ञान याला मदतही करू शकतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ पासून एक पद्धत वापरली. संकल्पनेवर एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर नोंदवायचं, मतं विभागली गेली तर शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. उत्तरं नोंदवायला रिमोट असो की हातात धरायची पुठ्ठ्याची कार्डं, फारसं बिघडत नाही. खरी कसोटी प्रश्न निवडण्यात असते, आणि ते काम शिक्षकाचं.

काही गोष्टी बिघडल्याही आहेत. फळ्यावर लिहिताना माझा वेग आपोआप मुलांच्या हाताच्या वेगाला धरून राहायचा. स्लाइडवर अख्खं गणित एका क्लिकमध्ये उमटतं आणि मुलांची पहिली ओळसुद्धा लिहून झालेली नसते. म्हणून सिद्धता आणि भूमितीच्या रचना मी आजही खडूनंच करतो. शिवाय हजेरी, गुण, फोटो, अहवाल वेगवेगळ्या ठिकाणी भरत बसण्यात जो वेळ जातो, तो वाचलेल्या वेळातूनच कापला जातो. याबद्दल कुणी बोलत नाही. आणि २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून घरून सुबक सोडवून आणलेल्या गृहपाठावरून काही कळेनासं झालं आहे. मी आता त्यातलीच एक पायरी वर्गात तोंडी विचारतो.

तुम्ही स्वतः शिक्षक असाल तर कुठलंही ॲप घेण्याआधी एवढं बघा: मुलानं दिलेली चुकीची उत्तरं जशीच्या तशी दिसतात, की नुसती टक्केवारी? टक्केवारीच दिसत असेल तर ते सरावापुरतं ठेवा. मूल कुठे अडलंय ते बघायला कागदाचा एक चिटोरा पुरतो.