बाबांची फियाट विकू, इलेक्ट्रिक करून घेऊ की ठेवू?

तुमचा प्रश्न असा : वडिलांची 1981 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, कारेलीबागच्या घरी 3 वर्षं उभी आहे, घरात आता ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडी येतेय, तर हिचं करायचं काय. माझ्याकडे इथेच, बडोद्यात दांडिया बाजाराजवळ, 1978 ची तीच गाडी आहे आणि 2 वर्षांपासून तिच्या शेजारी ईव्हीही उभी असते. म्हणून लिहितो.

ईव्ही येतेय म्हणून विकू नका. ईव्ही आली आणि माझ्या फियाटचे हाल थांबले. ऑफिस, खंडेराव मार्केटची भाजी, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं ही सगळी हमाली ईव्ही करते, तीही रुपया-सव्वा रुपया किलोमीटरने. फियाट लिटरला 10-11 देते, म्हणजे किलोमीटरला 9 रुपये. घरात ती एकटीच होती तेव्हा मी तिला रोज शिव्या घालायचो. आता रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना 20-25 किलोमीटर फिरवतो आणि दोघंही खूश असतो.

विकायचीच तर एका कारणाने विका : मिस्त्री नसेल तर. या गाडीला पैशांपेक्षा माणूस लागतो. पॉइंट (प्लगची ठिणगी ठरवणारे संपर्क) घासून गॅप लावणारा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करणारा, कार्बोरेटरचा आवाज ऐकून स्क्रू पाव आटा फिरवणारा. नव्या गॅरेजमधला पोरगा आधी स्कॅनर लावायची जागा शोधतो. माझे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, सत्तरी ओलांडलेले आहेत, प्रतापनगरकडे बसतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘गाडीने ऊभी ना राखशो.’’ उभी ठेवू नका, एवढंच. त्याचा अर्थ मला पुढे कळला. चालवली नाही की ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात, रबरी सील कडक होतात, टाकीत गंज धरतो. तुमच्या गाडीला 3 वर्षांत जेवढं झालं असेल तेवढं 3 वर्षं चालवून झालं नसतं.

सुट्या भागांचं पूर्वी सोपं होतं, कारण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. हजारो टॅक्सी रोज धावायच्या, म्हणून कुर्ल्याच्या बाजारात काहीही मिळायचं. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तेव्हा डिस्ट्रिब्युटरची (प्लगना वीज वाटणारा भाग) कॅप आणि रोटर, पॉइंट, ब्रेक किट, वॉटर पंप हे मिळेल तेव्हा दोन-दोन घेऊन ठेवा. माझ्या घरी एक पत्र्याची पेटी आहे, पूर्वी तिच्यात दिवाळीचा फराळ असायचा.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालंच मिळतं आणि आपल्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. गेल्या वर्षी सूरसागरपाशी गाडीत पेट्रोलचा वास भरला. बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या पेट्रोल पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी बोटाला लिबलिबीत लागत होती आणि खाली, गरम मॅनिफोल्डच्या वीतभर अंतरावर, थेंब थेंब गळत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला या गाडीची भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवल्या, पंपाचा डायफ्रॅम बदलला. खर्च फार नव्हता. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने टाकी भरून ठेवू नका. थोडं भरा आणि संपवा. मे महिन्यात इंजिनाचा हा पंप तापून पेट्रोलची वाफ होईल आणि गाडी नेमकी न्याय मंदिराच्या गर्दीत बंद पडेल. पंपावर ओला फडका टाका, दहा मिनिटं थांबा. डिकीत फडका आणि पाण्याची बाटली कायम ठेवायची.

इलेक्ट्रिक करून घेण्याबद्दल माझं मत नाही असंच आहे. कायद्याने चालतं : मान्यताप्राप्त किट हवं, मग आरटीओत आरसीवर इंधन बदलून घ्यायचं. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या या हलक्या गाडीत बॅटरीचं वजन घालायचं, लाखांत पैसे ओतायचे, आणि हातात येणार काय? स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा आणि चोक ओढल्यावरची ती खोकल्यासारखी सुरुवात, हे सगळं काढून टाकल्यावर उरतो तो पत्रा. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. तुमच्या गाडीला 2031 मध्ये 50 होतील. तेव्हा घाईने नोंदवू नका, कारण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जमलेल्या संस्थानी गाड्यांना ते ठीक आहे, आपल्याला नातेवाइकांकडेही जायचं असतं.

आरसीची मुदत आजच तपासा. 20 वर्षांवरच्या कारची नोंदणी नूतनीकरणाची फी 2025 पासून 10,000 रुपये आहे, आणि उशिराचा दंड वेगळा. विमा आणि पीयूसीही.

एक सांगायचं राहिलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आमच्या आवारात कमरेएवढं आलं. ईव्ही मी आदल्या रात्रीच पुलावर नेऊन लावली होती, फियाटला बॅटरी उतरली म्हणून नेता आली नाही. शेजारच्या दोन नव्या गाड्या विमावाल्यांनी भंगारात काढल्या. चाचांनी फियाटचं ऑइल तीनदा बदललं, डिस्ट्रिब्युटर उन्हात वाळवला, टाकी उतरवून धुतली. बाराव्या दिवशी ती सुरू झाली. सीटचा वास मात्र अजून गेलेला नाही.

तुमची बाहेर काढताना आधी जुनं पेट्रोल पूर्ण काढा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी हळूच ढकला आणि इंजिन फिरतंय का बघा. ब्रेक उघडून पाहिल्याशिवाय गेटबाहेर नेऊ नका. आणि नवी बॅटरी लावून सेल्फ मारून बघायचा मोह होईल, तो आवरा.